शेअर निवडीची ऑनलाइन स्पर्धा: काही महिने खेळल्यानंतर (आणि ते अप्पर सर्किट)

आभासी पैशांनी शेअर निवडायच्या या अ‍ॅपवर आमच्या लीगचा, म्हणजे आमच्या गटातल्या स्पर्धेचा, निकाल लागल्यापासून कस्टमर केअरशी माझी ई-मेलवर जुंपली आहे. इतके महिने वापरलंय, तर आता सविस्तर लिहितेच. दहा लाखांचं आभासी भांडवल, एका शेअरमध्ये जास्तीत जास्त २५ टक्के, दिवसाच्या बंद भावाला ऑर्डर लागणार, हे नियम सगळ्यांना पाठ आहेत.

मुद्दा अप्पर सर्किटचा आहे, म्हणजे एका दिवसात भाव जिथवर चढू शकतो त्या कमाल मर्यादेचा. पाच टक्के बँडमधला (दिवसात पाच टक्क्यांहून जास्त वर-खाली जाऊ न शकणारा) एक स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीचा शेअर, आदला बंद भाव ४२ रुपये. दुपारी तीनला तो ४४.१० वर लॉक होता. ब्रोकरच्या अ‍ॅपवर मार्केट डेप्थ, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या ऑर्डरची यादी, उघडली: घेणाऱ्यांची लांबलचक रांग, विकणाऱ्यांच्या बाजूला शून्य. खऱ्या बाजारात तेव्हा टाकलेली ऑर्डर रांगेच्या शेवटी जाते आणि बाजार बंद झाला की रद्द होते. इथे मात्र रात्री मेसेज आला, अडीच लाखांची ऑर्डर ४४.१० ला पूर्ण! विकणारा कोणी आहे का, हे अ‍ॅप बघतच नाही. पुढे असा शेअर सलग पाच दिवस सर्किटला लागला की साडेसत्तावीस टक्के फायदा, तोही कंपनी काय बनवते हे माहीत नसताना. आमच्या लीगमध्ये पहिला नंबर याच मार्गाने गेला.

सुरुवातीला माझा राग ब्रोकरेज आणि करांवर होता. डिलिव्हरीत (त्याच दिवशी न विकता शेअर ठेवून घेतले तर) खरेदीला ०.१ आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, लागतो, वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर. अ‍ॅप यातलं काहीच धरत नाही. आता वाटतं, ते चालेल. ती सूट सगळ्यांना सारखीच आहे. सर्किटचं तसं नाही, तो फायदा फक्त ज्याला फट सापडली त्यालाच.

बाकी जिंकायचं कसं, ते सांगते. महिनाभराच्या स्पर्धेत पंधरा चांगले शेअर घेतले तर तुम्ही निफ्टी निर्देशांकाच्या आसपासच राहणार. शंभर जणांत पहिलं यायचं तर पसारा नको. चारच शेअर, जमल्यास एकाच सेक्टरचे, मेटल किंवा सरकारी बँका, आणि ज्यांचे तिमाही निकाल स्पर्धेच्या काळात येणार आहेत असे. एफ अँड ओमधले, म्हणजे ज्यांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे वायदे व्यवहारही चालतात असे शेअर घ्या. त्यांना ठरावीक सर्किट नसतं, त्यामुळे निकालाच्या दिवशी मोठी हालचाल होऊ शकते. शेवटच्या आठवड्यात तुम्ही पुढे असाल तर मागच्या दोघा-तिघांकडे जे आहे तेच घ्या, अंतर तसंच राहतं. मागे असाल तर पहिल्याकडे जे नाही ते घ्या. स्वतःच्या पैशांनी हे अजिबात करू नका. घरच्या एसआयपीचा आणि याचा काही संबंध नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. प्रत्येक ऑर्डरला 'का घेतला?' हा रकाना भरावाच लागतो आणि शेअर विकताना ते वाक्य पुन्हा समोर येतं. ही सवय मी माझ्या खऱ्या डिमॅटसाठीही लावून घेतली, वही घातली आहे.

आमच्या लीगला प्रवेश फी नाही, रोख बक्षीसही नाही. जिथे या दोन्ही गोष्टी आहेत तिथे फिरकू नका. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१६ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये सावध केलं आहे. तिथे पैसे अडकले तर सेबीची तक्रार यंत्रणा तुमच्या कामाला येत नाही.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: 'सिस्टीम नियमांनुसार चालते.' अहो, नियमातच तर भोक आहे! २००७ मध्ये अमेरिकेत सीएनबीसी या वृत्तवाहिनीच्या दहा लाख डॉलरच्या स्पर्धेतही अशीच फट निघाली होती. बाजार बंद होण्याआधी ऑर्डरचं पान उघडून ठेवायचं, नंतर कंपनीची बातमी येऊन भाव हलला की बटण दाबायचं, आणि शेअर जुन्या बंद भावाला पदरात. वाहिनीला चौकशी करावी लागली. तिथे ते झालं, कारण मागे लागणारे स्पर्धक होते.

माझी मागणी छोटी आहे. बंद भाव बँडच्या वरच्या टोकाला असेल तर खरेदी लागू देऊ नका, खालच्या टोकाला असेल तर विक्री. भाव आणि बँड दोन्ही एक्स्चेंज रोज जाहीर करतं. नवी लीग पुढच्या महिन्यात आहे. तोवर हे झालं तर पाच तारे देईन, आज दोन.