माहितीपटाखालच्या कमेंट: स्वतः वाचाव्यात की सॉफ्टवेअरकडे द्याव्यात?

यूट्यूबवरचा माहितीपट प्रेक्षकांना कसा वाटला हे कमेंटमधून शोधायचं असेल आणि त्या दोन-तीन हजारांच्या आत असतील, तर सरळ वाचायला बसा, असं माझं ठाम मत आहे. वेळ जातो, डोळे शिणतात, पण हाती जे लागतं ते सॉफ्टवेअर देऊ शकत नाही.

याचं कारण माहितीपटाच्या प्रेक्षकाची भाषा. विस्थापितांवरच्या माहितीपटाखाली कुणी लिहितं, ‘बघवत नाही. रात्रभर झोप लागली नाही.’ निव्वळ शब्दांवरून भावना मोजणारं सॉफ्टवेअर हे नकारात्मक खात्यात टाकतं. दिग्दर्शकासाठी मात्र याहून मोठी पावती नाही. ‘लाज वाटली पाहिजे’ हे सरकारला म्हटलंय, पडद्यावरच्या माणसाला, दिग्दर्शकाला की वरच्या कमेंटवाल्याला? मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून कमेंटची वर्गवारी कराल त्या तक्त्यात भावनेशेजारी ‘रोख कुणावर’ हा रकाना हवाच. थोड्या कमेंट दोघांनी एकमेकांचं न बघता तपासाव्यात. जिथे वारंवार मतभेद होतात, तिथे बहुधा वर्गाची व्याख्याच ढिली असते.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग आवाका मोठा असतो तेव्हा. यूट्यूबच्या डेटा एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमला यूट्यूबची माहिती थेट मागवता येते त्या सोयीतून, एका विनंतीत १०० पर्यंत मूळ कमेंट मिळतात. चर्चा कोणत्या आठवड्यात उसळली, कोणत्या मिनिटाचा टाइमस्टॅम्प पुन्हा पुन्हा येतो, हे त्यावरून झटकन निघतं. मात्र मूळ कमेंटसोबत सगळी उत्तरं येतीलच असं नाही, ती वेगळी मागवावी लागतात. हे विसरू नका, कारण खरा वाद उत्तरांमध्येच रंगतो. भाषेचंही बघा: २०१४ मध्ये आलेलं ‘व्हेडर’ हे भावना मोजणारं लोकप्रिय साधन इंग्रजी सोशल मीडियासाठी बनलंय, रोमन लिपीतली मराठी त्याला उमगत नाही.

लाइकवर फार विसंबू नका. वर दिसणाऱ्या कमेंटला आणखी लाइक मिळत जातात. डिसलाइकचा आकडा तर नोव्हेंबर २०२१ पासून प्रेक्षकांना दिसतच नाही. लोक कुठे व्हिडिओ सोडून गेले त्याचा आलेख चॅनेलवाल्यांकडे असतो, ओळख असेल तर जरूर मागा.

कमेंट वीस-तीस हजार असतील तर दोन्ही करा, पण आधी वाचन. सगळा डेटा उतरवून त्यातून यादृच्छिक पद्धतीने पाचशे कमेंट निवडा आणि हाताने वर्गवारी करा. ‘टॉप कमेंट’च्या यादीतल्या पहिल्या पाचशे घेऊ नका, ती निवड आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. मग त्याच पाचशेंवर सॉफ्टवेअर चालवा. तुमच्याशी त्याचं कुठे बिनसतं ते पाहूनच उरलेल्या कमेंट त्याच्या हवाली करायच्या की नाही ते ठरवा.