विहिरीच्या पाण्यासाठी टीडीएस मीटर : उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या शेतवस्तीवर पिण्यासाठी विहिरीचेच पाणी असल्याने गेल्या उन्हाळ्यात खिशात मावणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर घेतला. हे यंत्र क्षार थेट मोजत नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिला ठरावीक गुणकाने गुणते. हा गुणक काही मीटरमध्ये ०.५, तर काहींत ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या मीटरशी आकडा जुळला नाही तरी दोन्ही यंत्रे ठीक असू शकतात.

विहीर तळाला गेली तेव्हा मीटर ८६० मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवत होता. त्याच पाण्याच्या प्रयोगशाळेतील अहवालात कठीणपणा ५१०, नायट्रेट ३८ आणि फ्लोराइड ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर आले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये अनेक घटकांना दोन मर्यादा आहेत : एक स्वीकार्य आणि दुसरी, पाण्याचा अन्य स्रोत नसेल तर चालवून घेण्याची. कठीणपणासाठी त्या २०० आणि ६०० आहेत, म्हणजे आमचे पाणी जड असले तरी चालण्यासारखे होते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हे काळ्या पाषाणाच्या या मुलखात कोणाला नवे नाही. नायट्रेटच्या ४५ या मर्यादेला मात्र कोणतीही सवलत नाही. अहवालात नायट्रेट ‘नायट्रोजन’ म्हणून दिले असेल तर हीच मर्यादा सुमारे १० होते, हेही पाहावे.

पावसाळ्यानंतर मीटर ५९० वर आला आणि घरचे सगळे खूश झाले. नव्या अहवालात मात्र नायट्रेट ५८ होते आणि कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असलेले) जिवाणूही आढळले. विहिरीपासून गोठा फार लांब नाही, वरच्या अंगाला उसाला युरिया पडतो. पावसाने एकूण क्षार पातळ झाले, पण शेणमूत्र आणि खत झिरपून आत आले. २७० ची घट दिसत असताना त्यात दडलेली वीसची वाढ मीटरला वेगळी कळणे शक्य नव्हते, आणि जिवाणू तर त्याला दिसतच नाहीत.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून पाणी पुन्हा तपासून घेतले, तेव्हा जिवाणू आढळले नाहीत. त्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते आणि ती थंड ठेवून शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत पोहोचवावी लागते. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडे वाढते. त्यामुळे सहा महिन्यांच्या आतले बाळ वरच्या दुधावर असेल, तर असे पाणी त्याच्या दुधात घालू नये. आम्ही शेवटी आरओ बसवला. आता मीटर मुख्यतः त्याच्याच नळाखाली धरला जातो : आत ५९० आणि बाहेर ६० असे प्रमाण आहे, आणि बाहेरचा आकडा चढू लागला की मेम्ब्रेन (आतला गाळणारा पडदा) बदलायचे. एवढ्या कामासाठी मीटर घेण्यासारखा आहे. विहिरीची पारख करायला म्हणून घेऊ नये.