इम्प्लांटवर दात लगेच बसवायचा की हाड धरेपर्यंत थांबायचं?

आईची खालची दाढ जुलैत काढली आणि चवथीला मुंबईची सगळी माणसं फोंड्याला घरी येणार, त्यामुळे तिचा एकच हेका, चवथीच्या आधी तोंडात दात हवा. एका क्लिनिकने आठवड्याभरात इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाजागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, घालून वर कॅपही बसवून दिली. चवथीत तिने त्याच बाजूने नेवऱ्या खाल्ल्या, सकाळी चहाबरोबर कडक उंडो पाव चावला, आणि पाचव्या आठवड्यात म्हणाली, गो, जिभेने ढकललं की दाढ हलते. दुखत अजिबात नव्हतं. शेवटी सगळंच काढावं लागलं.

तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशीचा घट्टपणा नुसता स्क्रूचा असतो, लाकडात आवळल्यासारखा. खरी पकड नंतर येते, टायटॅनियमला चिकटून नवीन हाड तयार होतं तेव्हा. आणि मध्ये, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, जुनं हाड झिजत असतं आणि नवीन अजून कच्चं, म्हणजे सूज उतरली, टाके निघाले, आपल्याला वाटतं सगळं बरं झालं, नेमकं तेव्हाच इम्प्लांट सगळ्यात कमजोर असतं. त्या दिवसांत ते १००-१५० मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे दोनेक केसांच्या जाडीपलीकडे, हलत राहिलं तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा थर तयार होतो.

लगेच दात बसवणं म्हणून चूकच असं मात्र मी म्हणणार नाही. समोरचा दात गेला तर माणूस तसाच हिंडणार का? तिथे तात्पुरती कॅप बसवतात, पण तोंड मिटल्यावर ती दुसऱ्या जबड्यातल्या दाताला टेकणार नाही अशी घासून, म्हणजे दिसायला दात आणि चावायला नाही. त्यालाही इम्प्लांट घालताना टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळण्याचा जोर, निदान ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास मिळायला हवा, नाहीतर थांबावं. पूर्ण जबड्याचं गणित वेगळं, लिस्बनच्या पाउलो मालोंनी पुढे आणलेल्या ऑल-ऑन-फोरमध्ये चार इम्प्लांट एका कडक ब्रिजने, म्हणजे सगळ्या दातांच्या एकसंध पट्टीने, बांधलेली असतात, एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तिथे लगेच दात चालतात. एकटी मागची दाढ मात्र सगळा भार एकटीच घेते.

थांबायची पद्धत जुनी. स्वीडनच्या ब्रॅनमार्कनी १९६५ मध्ये टायटॅनियम इम्प्लांटचा पहिला पेशंट केला, आणि त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला ३-४ महिने नि वरच्याला ६ महिने थांबायचे. आता पृष्ठभाग खडबडीत केलेला असतो त्यामुळे चांगल्या हाडात ६-८ आठवड्यांतही होतं, पण वर मागे हाड मऊ, शिवाय सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, जवळ, तिथे घाई नकोच. तोटा एवढाच की खिंड राहते, फेऱ्या वाढतात, आणि घरचे रोज विचारतात झालं का.

पण हे थांबणं म्हणजे दात काढून नुसतं बसून राहणं नव्हे हां! रिकाम्या जागेचं हाड पहिल्या वर्षात रुंदीला जवळजवळ निम्मं कमी होऊ शकतं, त्यातलं बहुतेक पहिल्या ३ महिन्यांतच. म्हणून दाढ काढायच्या आधीच पुढचं विचारून ठेवा.

दुसऱ्या वेळी आईला आधी ग्राफ्ट केलं, म्हणजे हाडाची भर घातली, मग सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, मग इम्प्लांट, वर नुसती हीलिंग कॅप, हिरडीत धातूचं बटण लावल्यासारखी. तीन महिने दुसऱ्या बाजूने पेज आणि मऊ भात. नंतर डॉक्टरनी इम्प्लांटवर छोटा खुंटा फिरवून बसवला, त्याच्याजवळ पेनासारखं यंत्र धरलं, आणि आकडा दाखवला. घातलं त्या दिवशी ५८ होता, आता ७२. हा आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती घट्ट आहे त्याचा आकडा, १ ते १००, ७० च्या वर चांगला. मग कॅप.

माझं मत विचाराल तर मागची एकटी दाढ असेल तर थांबाच. शुगर वाढलेली असेल, विडी-सिगरेट-तंबाखू चालू असेल तर दुप्पट कारण, आणि हाडं ठिसूळ म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर ते दात काढायच्याही आधी सांगा. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळाली तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात तिसरं मत घेता येतं.

आणि पक्की कॅप बसेल त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या. पहिल्या वर्षात कडेचं हाड दीडेक मिलिमीटर खाली गेलं तरी चालतं, पुढे वर्षाला ०.२ च्या आत राहायला हवं, पण पहिला फोटोच नसेल तर ताडून कशाशी बघणार? आईचा आम्ही रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवलाय.