बेडूक ओळखायचा कसा: बोट छाटून, चिप घालून, रंग भरून की फोटो काढून?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या सड्यावर किंवा मोल्याच्या ओहोळाकाठी पावसाळ्यात बेडकांची गणती करायची, तर काल सापडलेला बेडूक आज पुन्हा दिसल्यावर तो तोच, हे कळायला हवं.

पायाचं बोट छाटणं सगळ्यात स्वस्त. कात्री असली की झालं. माझा त्याला विरोध आहे. 2004 मध्ये जुन्या नोंदींचं विश्लेषण झालं, त्यात पहिल्यानंतरच्या प्रत्येक छाटलेल्या बोटामागे बेडूक पुन्हा सापडण्याचं प्रमाण 4 ते 11 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे खूणच गणती बिघडवते. शिवाय झाडावरच्या बेडकाची सगळी मदार बोटांवरच असते.

सुईने कातडीखाली घालायची ओळख-चिप साधारण 8 ते 12 मिलिमीटरची. तिला बॅटरी लागत नाही, ती वर्षानुवर्षं टिकते आणि प्रत्येकीचा क्रमांक वेगळा, तो यंत्र जवळ धरून वाचायचा. ओंजळभर मोठ्या बेडकाला ती चालते. मात्र सुईचं छिद्र नीट मिटलं नाही तर गळून पडते. दोन-तीन सेंटिमीटरच्या बेडकात ती घालूच नये.

लहानांसाठी रंगीत सिलिकॉन बरं. मांडीच्या आतल्या पातळ कातडीखाली बारीक रेघ भरायची. निळ्या प्रकाशात ती चमकते. पण बेडकाची कातडी अंगाला सैल असते, त्यामुळे रेघ जागची सरकते आणि रंग व जागेवरून ठरवलेली सांकेतिक खूण चुकीची वाचली जाते. काळपट कातडीत तर ती दिसतच नाही.

अंगावर ठिपके-पट्टे असतील तर फोटोच घ्या. सुई नाही, जखम नाही. अडचण उजेडाची: ओल्या पाठीवर फ्लॅश पडला की ठिपक्यांच्या जागी पांढरा डागच उरतो. टॉर्च बाजूने तिरका धरा, कॅमेरा दरवेळी त्याच कोनात, शेजारी मोजपट्टी. अर्ध्या मिनिटात बेडूक पाण्यात. शेकडो फोटो जुळवायचं काम घरी येऊन, आणि ते खरोखर किचकट.

देवगांडूळ, म्हणजे बेडकाचा गांडुळासारखा दिसणारा उभयचर नातलग, मात्र वेगळंच प्रकरण. गोव्याच्या नावाची प्रजाती 2007 मध्ये नोंदली गेली. त्याला पायच नाहीत आणि अंगावर नक्षीही नाही. तिथे मी रंगाची रेघच निवडेन, तीही सरावलेल्या हाताकडून.

पद्धत कोणतीही असो, वनखात्याची लेखी परवानगी आधी. प्रत्येक बेडकाला नवा, ओला हातमोजा, कारण कातडीची बुरशी हातावरून पसरते. आणि डासांचं मलम चोळलेल्या हाताने बेडकाला शिवू नका; ते त्याच्या कातडीतून थेट आत मुरतं.