काउंटरवरचा आकडा आणि दारामागची अक्षरे

सांगलीत आमचा छापखाना वडिलांच्या काळापासून आहे. हजार-दोन हजार प्रतींचे काम ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा बनवून छापणाऱ्या यंत्रावर, परवडते. परंतु हल्ली गिऱ्हाईक शंभर पत्रिका किंवा पन्नास प्रमाणपत्रे मागते, आणि तेवढ्यासाठी चार रंगांच्या चार प्लेटा काढणे म्हणजे पदरचे घालणे. अशी कामे मी दुसऱ्याच्या डिजिटल प्रेसवर, म्हणजे प्लेटांशिवाय थेट फाइलवरून छापणाऱ्या यंत्रावर, करून घेत असे. २०२४ च्या पावसाळ्यानंतर, लग्नसराईच्या तोंडावर, स्वतःचे यंत्र घ्यायचे ठरवले. नवे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून परदेशातून आलेले आणि इकडे दुरुस्त करून विकले जाणारे जुने यंत्र पाहण्यासाठी मुंबईजवळच्या एका विक्रेत्याच्या गोदामात गेलो. तेथे माझी फसवणूक कशी झाली, हे याच खरेदीच्या विचारात असलेल्या व्यावसायिकांसाठी लिहीत आहे.

मी पोहोचलो तेव्हा यंत्र आधीच तापवून ठेवलेले होते. विक्रेत्याने जाड चकचकीत कागदावर फळांची परडी आणि मोराचे पीस छापून हातात दिले. ऑफसेटवाल्याच्या सवयीने मी भिंग लावून पाहिले. छपाई स्वच्छ होती. त्यानंतर त्याने यंत्रातूनच काउंटरचा, म्हणजे आजवर किती छपाई झाली ते मोजणाऱ्या नोंदीचा, कागद काढला. त्यावर एकूण ३ लाख ८२ हजार इंप्रेशन्स (छापे) दिसत होती. यंत्राने स्वतः छापलेला आकडा खोटा असेल, हे मनातही आले नाही. माझी फाइल पेनड्राइव्हवर नेली होती, पण ‘कंट्रोलरला बाहेरचा पेनड्राइव्ह लावत नाही साहेब, व्हायरस येतो,’ असे तो यंत्र चालवणाऱ्या संगणकाबद्दल म्हणाला आणि मी तो निमूटपणे खिशात ठेवला.

सौदा साडेसात लाखांना ठरला. त्यापैकी साडेतीन लाखांचेच बिल होईल, बाकी रोख द्यावे म्हणजे तुमचाही जीएसटी वाचेल, ही त्याची सूचना मी मान्य केली. ही चूक सर्वस्वी माझी, आणि तिची किंमत मला पुढे कळली.

आठ दिवसांनी यंत्र टेंपोने आले. त्यांच्या माणसाने जोडणी केली, पुन्हा तीच फळांची परडी छापून दाखवली आणि तो परतला. पहिले काम २५० लग्नपत्रिकांचे होते: सपाट हळदी रंगाची पार्श्वभूमी आणि त्यात पांढरी सोडलेली बारीक अक्षरे. साठाव्या पत्रिकेच्या सुमारास त्या पिवळ्यावर फिकट आडवी पट्टी दिसू लागली, आणि पुढे प्रत्येक कागदावर ठरावीक अंतराने ती उमटत राहिली. मोजपट्टी ठेवून मोजले, तर अंतर १८८ मिलिमीटर भरले. ज्यावर चित्र उमटून पुढे कागदावर जाते त्या ६० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा (फिरत्या नळकांड्याचा) परीघ जवळपास तेवढाच असतो. म्हणजे ड्रमवरचा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला कागदावर उतरत होता. फळांच्या चित्रात रंगांची इतकी गर्दी असते की असा दोष डोळ्यांना सापडत नाही. शिवाय ३०० जीएसएमच्या (जाड) कार्डावरचा टोनर, म्हणजे रंगाची पूड, नखाने खरवडला की निघत होता, कारण ती पूड कागदावर वितळवून चिकटवणाऱ्या फ्यूजरची उष्णता आणि दाब जाड कागदाला पुरत नव्हते. (घडीवर टोनर तडकतो ती गोष्ट वेगळी, क्रीझ (घडीची दाबरेषा) न मारता जाड कार्ड दुमडले तर चांगल्या यंत्रावरही ते होते.)

कोल्हापूरहून एका जाणत्या मेकॅनिकला बोलावले. ड्रमवरचा रंग कागदापर्यंत नेणाऱ्या बेल्टचा भाग बाहेर ओढून त्याने आतल्या दाराच्या मागे विजेरीचा झोत टाकला आणि काही न बोलता मला खाली वाकायला सांगितले. पत्र्यावर परदेशातल्या कुठल्या तरी कारागिराने काळ्या मार्करने बेल्ट बदलल्याची नोंद करून ठेवली होती: साल २०१९ आणि तेव्हाचा काउंटरचा आकडा २१ लाखांच्या वर. काउंटरची माहिती साठवणारा बोर्डच बदललेला असावा, असे मेकॅनिकचे मत पडले. गोदामात घरच्यांना दाखवण्यासाठी मी यंत्राचे दार उघडे असताना एक फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला, तेव्हा त्यातील ड्रमवरचे क्रमांक आणि माझ्याकडे आलेल्या ड्रमवरचे क्रमांक निराळे निघाले. म्हणजे चाचणीपुरते चांगले ड्रम बसवून पाठवताना जुने घातले होते. आयातीच्या वेळचा म्हणून दिलेला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला तर दुसऱ्याच यंत्राचा होता, कारण त्यावरच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जुळत नव्हते.

विक्रेत्याने आधी ‘माणूस पाठवतो’ म्हटले, नंतर बिलाच्या मागे ‘जशी आहे तशी विक्री’ असे छापले आहे याकडे बोट दाखवले, आणि अखेर फोन घेणे बंद केले. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार देऊ केली, तर व्यवहार दिवाणी स्वरूपाचा असल्याचे सांगण्यात आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला सवलत आहे, आणि माझ्याकडे चार कामगार असल्याने ती मिळणे अवघड, असे वकिलांनी सांगितले. रोख दिलेल्या चार लाखांचा तर कागदच नाही.

आता कोणी विचारले तर मी सांगतो की यंत्र थंड असताना सुरू करायला लावावे, स्वतःच्या कागदावर स्वतःची फाइल सलग दोनशे प्रती दोन्ही बाजूंनी छापावी आणि उजेडात धरून पुढचे-मागचे जुळते का पाहावे. तीस टक्के करड्या रंगाचा सपाट कागद काढला, तर पट्ट्या लपत नाहीत. प्रत्येक ड्रमचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. टोनर किती प्रती देतो हे विक्रेता पाच टक्के व्याप्ती, म्हणजे कागदाचा तेवढाच भाग रंगलेला, असे धरून सांगतो. आपल्या पत्रिकेत निम्म्याहून जास्त कागद रंगलेला असतो, तेव्हा तो हिशेब स्वतःच मांडावा.

मागच्या महिन्यात इचलकरंजीचा एक व्यवसायबंधू यंत्र पाहायला निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. विक्रेता दुसरा होता, परडी मात्र तीच. मी खिशातून पेनड्राइव्ह काढून हळदी पत्रिकेची फाइल छापायला सांगितली, तर त्याने यंत्राकडे पाहिले आणि म्हणाला, ‘आज नेमका पिवळा टोनर संपलाय.’