वनराजाची पिल्ले : परसातल्या तीन तुकड्यांनंतरचा अभिप्राय

हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. तेथे परसातील कोंबडीपालनासाठी तयार केलेल्या ‘वनराजा’ या जातीच्या तीन तुकड्या मी गेल्या चार वर्षांत संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरामागे वाढवल्या. पहिली तुकडी जवळजवळ बुडाली, दुसरीने निम्मा हिशेब जमवला आणि तिसरी मनासारखी झाली. पक्षी तिन्ही वेळी वनराजाच होता. फरक पडला तो पिल्ले कोठून आणली आणि पहिले सहा आठवडे कसे सांभाळले यामुळे. म्हणून हा अभिप्राय जितका जातीविषयी आहे तितकाच त्या सहा आठवड्यांविषयी आहे.

वनराजा ही अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाची जात आहे. नराची एक आणि मादीची दुसरी अशा दोन वेगळ्या निवडलेल्या वंशावळींच्या संकरातून तिची पिल्ले मिळतात. पिसे तांबडी, काळी, करडी अशी मिश्र असतात, त्यामुळे पालापाचोळ्यात पक्षी चटकन उठून दिसत नाही आणि गिऱ्हाइकालाही तो गावरान वाटतो. पाय लांब असल्याने तो उकिरडा ते काजूची बाग असा दिवसभर हिंडतो, किडे, वाळवी, सांडलेले दाणे टिपतो. आमच्याकडील गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर वनराजाची कोंबडी मोकळ्या चराईवर 100 ते 110 देते, असे संस्थेचे आकडे सांगतात. अंडे तपकिरी असते आणि पक्व कोंबडीचे अंडे साधारण 55 ते 60 ग्रॅम भरते.

पहिल्या वेळी मी तीस पिल्ले रस्त्याकडेला गाडीवर विकणाऱ्याकडून घेतली. तो म्हणाला वनराजा, मी मान्य केले. लस दिली आहे का, हे विचारण्याचे सुचलेसुद्धा नाही. अडीच महिन्यांपर्यंत सारे ठीक होते. मग एके सकाळी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, खुराड्याच्या दाराशी आडवी पडलेली दिसली. तिचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला होता, डोळे स्वच्छ होते आणि दाणे पुढे टाकले की ती बसल्या जागी चोच मारत होती. चालणे मात्र संपले होते. पुढच्या महिनाभरात तशाच सतरा गेल्या. पशुवैद्यकांनी एक मेलेला पक्षी उघडून मांडीतील मुख्य नस, म्हणजे मज्जातंतू, दाखवली. एका बाजूची नस दोऱ्यासारखी बारीक होती आणि दुसऱ्या बाजूची सुजून सुतळीएवढी झाली होती. हा मरेक्स रोग. याचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून धुळीबरोबर पसरतो, आणि त्यावरची लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्याच्या पहिल्या दिवशीच, उबवणी केंद्रातच, मानेच्या कातडीखाली टोचावी लागते. घरी आणल्यावर ती चूक भरून काढता येत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, दोन रुपये कमी पडतात म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून पिल्ले घेऊ नयेत. अधिकृत उबवणी केंद्रातूनच घ्यावीत आणि मरेक्सची लस दिल्याची नोंद पावतीवर लिहून घ्यावी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीला मी प्रत्येकी पंचवीस पिल्ले तशी नोंद पाहूनच आणली. एक दिवसाचे पिल्लू जेमतेम 35 ते 40 ग्रॅमचे असते आणि त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. पत्र्याचा गोल आडोसा, खाली भाताच्या तुसाची दोन-अडीच इंचांची गादी, वर वर्तमानपत्र आणि मध्यभागी बल्ब एवढ्यावर काम भागते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान हवे, पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवायचे. तापमापक नसला तरी पिल्ले सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, पत्र्याला चिकटून चोच उघडी ठेवून बसली तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे विखरून टिपत असतील तर ठीक आहे. या काळात मी विकतचे पिल्लांचे खाद्यच दिले. संस्थेच्या शिफारशीत सुमारे 16 टक्के प्रथिने आणि किलोमागे 2400 किलोकॅलरी ऊर्जा आहे, शिवाय लायसीन व मेथिओनिन या आवश्यक अमिनो आम्लांचे प्रमाणही ठरवून दिले आहे. नुसत्या कण्या आणि कोंडा यांतून ते भागत नाही. पिल्लू जगते, पण खुरटते. सहा आठवड्यांना माझ्या तिसऱ्या तुकडीचे पक्षी सरासरी 680 ग्रॅम भरले.

लसीकरण मात्र कमी पक्षी पाळणाऱ्यासाठी खरोखरच अडचणीचे आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरच्या, म्हणजे राणीखेत रोगावरच्या, लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्याच्या पुढे मानमोडीचीच आर-टू-बी ही लस आणि देवीची लस, असा क्रम मी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाळला. पण मला मिळालेली कुपी शंभर मात्रांची होती, ती एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, आणि तालुक्याहून घरापर्यंत ती बर्फातच यावी लागते. पंचवीस पिल्लांसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, आणि म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडावर वाडीच्या वाड्या मानमोडीने रिकाम्या होतात. आम्ही शेवटी वाडीतील सात घरांनी एकच दिवस ठरवला. थर्मासमधून लस आणायची आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर घरोघर टोचायची, ही रीत आता बसली आहे. शेजारच्या गावरान कोंबड्यांनाही ती मिळते आणि त्याचा लाभ माझ्याच पक्ष्यांना होतो.

दुसऱ्या तुकडीत मी वेगळी चूक केली. पक्षी वजनाला चांगला म्हणून कौतुकाने दोन्ही वेळ भात आणि मका भरपूर घातला. कोंबड्या तीन किलोंच्या वर गेल्या, पोटात चरबी साठली, आणि अकरा कोंबड्यांची वर्षाची सरासरी 78 अंड्यांवर अडकली. सहाव्या महिन्यात मादीचे वजन सव्वादोन ते अडीच किलोंच्या आत राखावे, असा या जातीचा नियम आहे. तिसऱ्या तुकडीला दिवसभर चरू दिले, संध्याकाळी मोजून मूठभर दाणे आणि माणशी म्हणावे तसे प्रत्येकी चार-पाच ग्रॅम शिंपल्यांचा चुरा दिला. सरासरी 106 वर गेली आणि पातळ कवचाची अंडी जवळजवळ थांबली.

उणिवाही स्पष्ट सांगतो. वनराजाची कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अंडी वाढतात ती त्यामुळेच, पण उबवणीसाठी घरात एखादी गावरान कोंबडी ठेवावीच लागते. तिच्याखाली मी वनराजाची अंडी ठेवून पाहिली. पिल्ले निघाली, परंतु वाढ एकसारखी नव्हती. संकराचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात, त्यामुळे दर वेळी नवी पिल्ले विकत घेणे आले. दुसरे असे की, अंग जड असल्याने ती गावरानीसारखी झाडावर झेप घेत नाही. मुंगसाने माझ्या चार तलंगा भर दुपारी नेल्या.

विक्रीत अडचण आली नाही. गौरीच्या तिखट्या, म्हणजे मांसाहारी, सणाला कोंबडे महिनाभर आधीच सांगून ठेवलेले होते. राखणीला, म्हणजे राखणदार देवाला कोंबडा देण्याच्या विधीला, मात्र आमच्या वाडीतील वडीलधारी माणसे गावरान कोंबडाच मागतात आणि वनराजा स्वीकारत नाहीत. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

पंधरा-वीस पक्षी, मोकळे परस आणि घरात दिवसा कोणी तरी माणूस असेल, तर ही जात मी आग्रहाने सुचवेन. शेकड्यांनी कोंडून पाळायची असेल तर ती त्यासाठी नाही, आणि केवळ अंडीच हवी असतील तर याच संस्थेची हलक्या अंगाची ग्रामप्रिया अधिक योग्य ठरेल. कोकणात पिल्ले फेब्रुवारीत आणावीत. म्हणजे पावसाने तूस ओले होऊन रक्ती हगवण सुरू होण्याआधी पक्षी चांगले मोठे झालेले असतात. माझी चौथी पंचवीस पिल्ले मी त्याच महिन्यासाठी नोंदवली आहेत.