फ्लॅटमध्ये खडे घासायचे तर कशाने? वॉटर पेपर, रोटरी टूल, सपाट चकती आणि सहा चाकांचं मशीन

माझी भाची ऐरोलीला भाड्याच्या वन बीएचकेत राहते. तिच्या आजीची, म्हणजे माझ्या आईची अकीकाची (इंग्रजीत अ‍ॅगेट) अंगठी यंदा तिच्या वाट्याला आली. खडा ओरखड्यांनी पार आंधळा झालाय, एका कडेला टवका उडालाय. मी नौपाड्यातल्या घरी बरीच वर्षं खडे घासते हे तिला माहीत आहे, म्हणून तिने फोन करून थेट विचारलं, "मावशी, मशीन कुठलं घेऊ?" फोनवर मी तुकड्यातुकड्यांत काय काय सांगितलं. तेच इथे नीट लिहिते, कारण हा प्रश्न अनेकांना पडतो आणि बहुतेकांचे पैसे चुकीच्या वस्तूवर जातात.

कॅबोशॉन म्हणजे पैलू न पाडलेला खडा, वरून घुमट आणि खाली सपाट बूड. आपल्याकडची पोवळी, लसण्या, चंद्रमणी, फिरोजा बहुधा याच घाटाचे असतात. घरच्या घरी हात घालता येतो तो यांनाच. पैलू पाडायला कोन मोजणारं वेगळं यंत्र लागतं, तो विषय निराळा.

मशीनच्या आधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. पहिला, खडा किती कठीण आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० आकड्यांत सांगणाऱ्या मोहस् मापनात पोवळं ३ ते ४, मॅलाकाइट हा हिरवा दगड साधारण तेवढाच, लाजवर्द (लॅपिस लाझुली) ५ ते ५.५, फिरोजा ५ ते ६, चंद्रमणी ६ ते ६.५, अकीक ६.५ ते ७, माणिक आणि नीलम ९. वॉटर पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण ९ च्या थोडे वर आणि हिरा १०. म्हणजे कागदाने अकीक घासला जातो, पण हळू, आणि कागद लवकर बोथट होतो. माणकावर कागद घासणं म्हणजे आठवडा वाया. माणिक, नीलम, पाचू घरी घासूच नका. त्यांचा भाव कॅरटवर असतो आणि कॅरट म्हणजे फक्त ०.२ ग्रॅम, त्यामुळे झिलईच्या नादात किंमतच घासून जाते. पाचूत तर भेगा आणि त्या लपवायला मुरवलेलं तेल असतं. असे खडे झवेरी बाजारातल्या जाणत्या कारागिराकडे द्यावेत.

दुसरा प्रश्न, फक्त चमक परत आणायची आहे की आकार बदलायचा आहे? हा फरक लोक लक्षात घेत नाहीत. ओरखडे काढायला केसाएवढा थर गेला तरी पुरतं. टवका घालवायचा तर कड सगळीकडून आत घ्यावी लागते, खडा लहान होतो आणि जुन्या कोंदणात सैल बसतो. मग सोनाराकडे कोंदण नवं करणं आलं. चमकेसाठी हात पुरतात. कठीण खड्याचा आकार बदलायला हिऱ्याचे कण लागतात, मग ते हाताने फिरवा नाहीतर मोटरीने.

आता एकेक साधन.

हात आणि वॉटर पेपर. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे वापरतात तोच काळा कागद. २२०, ४००, ६००, १०००, १२००, २००० असे नंबर हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात (नंबर मोठा तितका कागद बारीक), आणि एका कागदाला वडापावाएवढेच पैसे पडतात. खडा आधी सोनाराकडून कोंदणातून काढून घ्या. मग पेन्सिलीएवढ्या काडीच्या टोकाला लाख तापवून त्यावर चिकटवा म्हणजे पकड येते. पोवळं, ओपल, फिरोजा यांना उष्णता सोसत नाही, ते बोटातच धरावेत. कागदाखाली जुना माउसपॅड ठेवा. पॅड दबतो, कागद घुमटाला कवेत घेतो आणि सपाट डाग पडत नाहीत. बुडासाठी मात्र काचेच्या तुकड्यावर कागद पसरायचा.

खरं कसब आहे ते कागद बदलायची वेळ ओळखण्यात. ओला खडा फसवतो. पाणी ओरखड्यांत भरतं आणि ६०० नंबरलाच खडा आरशासारखा दिसू लागतो. म्हणून प्रत्येक कागदानंतर तो पुसून पूर्ण कोरडा करायचा, खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात फिरवायचा. एखादी बारीक पांढरी रेघ हमखास दिसते, बहुतेक वेळा कडेजवळ, कारण तिथे हात कमी दाब देतो. ती आदल्या कागदाची रेघ असते. ती आत्ता गेली नाही तर २००० पर्यंत गेल्यावरही तशीच राहते, उलट भोवती चमक आल्याने जास्त डोळ्यांत भरते. मी घुमटावर परमनंट मार्करने जाळी काढते आणि नव्या कागदाने ती सगळी जाईपर्यंत घासते. प्रत्येक कागदाला घासायची दिशाही बदलते, म्हणजे जुने ओरखडे आडवे दिसतात आणि ओळखू येतात. शेवटी काचेला झिलई देतात ते सेरियम ऑक्साइड, पाण्यात कालवून चामड्याच्या जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला लावायचं. अकीकावर त्याने जी चमक येते ती कारागिराच्या तोडीची असते.

वेळ किती लागतो? पोवळं एका संध्याकाळी होतं. ओरखडे पडलेल्या अकीकाला दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात. अकीकाचा आकारच बदलायचा तर निव्वळ कागदाने आठवडा जातो आणि कंटाळा येऊन काम अर्धवट सुटतं. इथे एक मधली वाट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटला झिलई देणारे कारागीर हिऱ्याचे कण बसवलेले, मागे वेल्क्रो असलेले गोल डायमंड पॅड वापरतात. ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असे नंबर त्यात येतात. ते मशीनला न लावता मांडीवरच्या ओल्या फडक्यावर ठेवून खडा त्यावर घासला तर अकीकही बऱ्यापैकी झपाट्याने उतरतो. आवाज नाही, वीज नाही, आणि भाड्याच्या घरात कोणाची परवानगी लागत नाही.

पोवळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. ते कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आम्लाने विरघळतं. आपल्याकडे दागिने चिंचेने किंवा लिंबाने चकाकवायची सवय असते. त्यातूनच कितीतरी पोवळी आंधळी होतात आणि दोष अंगठीच्या वापराला दिला जातो.

रोटरी टूल, म्हणजे हातात धरायचं, टोकाला छोटं दगडी किंवा हिऱ्याचं टोक फिरवणारं यंत्र. सगळ्यात आधी लोक हेच विकत घेतात, कारण ते छोटं दिसतं, स्वस्त पडतं आणि ऑनलाइन लगेच मिळतं. पहिलं साधन म्हणून मी हे कुणालाही सुचवणार नाही. त्याचं टोक मिनिटाला ३०,००० च्या वर फेरे घेतं आणि खड्याला तांदळाच्या दाण्याएवढ्या जागीच टेकतं. हात जरा थांबला की खळगा पडतो. तो काढायला शेजारची जागा खाली घ्यावी लागते, की तिथे दुसरा. घुमट गुळगुळीत होण्याऐवजी लाटालाटांचा होतो. त्यात घासताना पाणी हवं, आणि हे यंत्र पाण्यासाठी बनवलेलंच नसतं. वापरायचंच असेल तर लवचिक दांडीचं जोड घ्या, मोटर पाण्यापासून लांब टांगा आणि त्या प्लगला आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, संरक्षण आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. टवक्याची धार मोडायला, आतल्या वळणात जायला, वेड्यावाकड्या आकाराच्या खड्याला ते उपयोगी पडतं. गोल घुमटासाठी नाही.

टंबलर. गिरगिरणाऱ्या पिंपात दगड, पाणी आणि कण टाकून तीन-चार आठवडे फिरवत ठेवायचं. खडे चमकतात, पण आकार पिंप ठरवतं. सपाट बूड गोल होतं, कडा जातात. शिवाय रात्रंदिवस घरघर, आणि खालच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात. तुमचा प्रश्न कॅबोशॉनचा असेल तर टंबलर सोडून द्या.

सपाट चकती, म्हणजे फ्लॅट लॅप. सहा किंवा आठ इंची आडवी फिरणारी चकती, वर हिऱ्याचे कण, बाजूच्या बाटलीतून थेंबथेंब पाणी. मोटरीचा आवाज मिक्सरपेक्षा पुष्कळ कमी आणि जागा पाटाएवढी पुरते. बूड सपाट करायला, पेंडंटच्या चपट्या चकत्या करायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. घुमटासाठी मात्र हात सतत डोलता ठेवावा लागतो, नाहीतर पैलूसारखे सपाट पट्टे उमटतात. चकतीखाली फोमचा थर दिला तर बरंच निभावतं. हेही लक्षात ठेवा की कडेला वेग जास्त असतो आणि मध्ये जवळजवळ नसतोच, म्हणून घासायचं काम बाहेर आणि नाजूक काम आत.

याचा त्रास एकच, पण खरा आहे. नंबर बदलताना चकती बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी भांडं, हात, खडा, लाखेची काडी, सगळं धुवावं लागतं. २२० चा एक कण ३००० च्या चकतीवर गेला तर झिलईवर खोल रेघ पडते आणि तुम्ही चार पायऱ्या मागे जाता.

सहा चाकांचं कॅबिंग मशीन. एकाच दांडीवर सहा चाकं. पहिली दोन कडक, ८० आणि २२० ची, आकार देण्यासाठी. पुढची चार मऊ रेझिनची, साधारण २८० पासून ३००० किंवा त्याहून बारीक. चाकाचा मऊपणा घुमटाला साथ देतो आणि कडक चाकाने पडलेले सपाट डाग आपोआप मिटतात. काही बदलायचं नाही, फक्त डावीकडून उजवीकडे सरकत जायचं. लग्नाआधी माझ्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत एका ओळखीच्यांच्या मशीनवर दुपारभरात चार खडे पूर्ण केले. हाताने तेवढ्यात एक झाला नसता. आनंद म्हणाल तर याच्यासारखा कशात नाही, हे मी मनापासून सांगते.

पण किंमत दहा-दहा हजारांच्या पटीत जाते, चाकं झिजतात आणि ती बदलणंही स्वस्त नाही. बाहेरून मागवणार असाल तर मोटर ११० व्होल्टची आहे का ते आधी पाहा. अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी केलेली साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते. महिन्याला एखादा खडा करणाऱ्याने हे मशीन घेऊ नये. दर शनिवार-रविवारी बसणार असाल, खंभातहून किंवा जयपूरहून कापलेल्या चकत्या मागवून करणार असाल, तरच घ्या.

जागा कुठली? ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये एकच चांगली जागा असते, ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनमुळे तिथे नळ, प्लग, निचरा तिन्ही असतं, हवाही खेळती असते. पण निचऱ्यात गाळ जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला मी चकतीखालचं राखाडी पाणी तिथल्याच जाळीवर ओतत राहिले. पाचेक महिन्यांनी कपड्यांचं पाणी उलटं वर येऊन स्वयंपाकघरात शिरलं. प्लंबरने नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी साठवणारं भांडं, उघडला, तर आत सिमेंटसारखा घट्ट गोळा बसलेला. छिन्नीने फोडून काढावा लागला आणि खालच्या घरच्या छताला ओल आली ती वेगळीच. त्यानंतर मी दोन बादल्या ठेवते. गाळ रात्रभर बसू देते, वरचं पाणी पुन्हा मशीनला वापरते, तळातला चिखल वर्तमानपत्रावर वाळवून पुडी बांधून कचऱ्यात टाकते. पुडी सुकल्यावर झटकायची नाही, कारण ती धूळच घातक असते.

धुळीबद्दल मी कुणालाही सूट देत नाही. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, आणि त्यावर इलाज नाही. घरी पाच मिनिटांसाठीसुद्धा कोरडं घासायचं नाही. हाताने घासा, मशीनने घासा, खडा कायम ओला हवा, आणि चाकावर काम करताना तुषार उडतात म्हणून एन ९५ मास्क आणि चष्मा हवाच. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, त्याचा गाळ हातावर वाळू देऊ नका आणि ती बादली स्वयंपाकघरात आणू नका.

सरावासाठी दगड विकतच घ्यायला हवेत असं नाही. सह्याद्रीचा हा सगळा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांमध्ये अकीक आणि त्याच्याच जातीची कॅल्सेडनी भरलेली असते, ती झिजून नदीच्या गोट्यांत येते. गावाला गेलात की नदीच्या पात्रात मेणचट, अर्धपारदर्शक खडे शोधा. सुरीच्या टोकाने ओरखडा उठला नाही तर तो बहुधा सिलिकाचा. पोकळ्यांतच सापडणारे स्टिलबाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक कितीही सुंदर असले तरी घासू नका. ते मऊ असतात आणि पापुद्रे सुटून फुटतात. ते होते तसेच शोकेसमध्ये ठेवण्याचे.

भाचीसाठी मग काय ठरलं? तिची अंगठी एकच, घर भाड्याचं, आणि खडा अकीक. टवका मी भिंगातून पाहिला, तो अगदी कडेला होता. कोंदणाचा ओठ थोडा वर घेतला तर झाकला जाईल, असं सोनारही म्हणाला. म्हणजे आकाराला हात लावायचा नाही, फक्त घुमट उजळायचा. तिने ४०० आणि ८०० चे दोन डायमंड पॅड घेतले, १२०० आणि २००० चे कागद घेतले आणि सेरियमची पुडी माझ्याकडून नेली. मशीन नाही. चकती घ्यायची की नाही ते स्वतःच्या घरात गेल्यावर बघू, असं म्हणाली.

परवा रात्री तिने ८०० झाल्याचा फोटो पाठवला. खडा लखलखत होता. मी विचारलं, ओला आहे ना? हो म्हणाली. कोरडा करून खिडकीशी धर आणि पुन्हा पाठव, एवढंच लिहिलं. दुसऱ्या फोटोत कडेजवळ तीन पांढऱ्या रेघा स्पष्ट होत्या. ती परत ४०० वर गेली आहे.